वायफायचं नाव लपवून काय साधतं, आणि त्याऐवजी काय करायला हवं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवर, विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये, कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसात, कुठेही वायफायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: "नाव हाइड करून टाका, म्हणजे कुणी घुसायचं नाही." राउटरच्या सेटिंगमध्ये एक टिक बदलायची, शेजाऱ्याच्या मोबाइलमधल्या यादीतून आपलं नाव जातं, आणि मनाला बरं वाटतं. सल्ला चांगल्या हेतूनेच दिलेला असतो. पण त्याने सुरक्षा वाढत नाही. काही बाबतींत ती कमीच होते. असं का होतं ते आधी समजून घेऊ. ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

नाव लपतं, नेटवर्क लपत नाही

चालू असलेला राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, एक छोटा संदेश हवेत सोडत असतो. त्याला बीकन म्हणतात. त्यात नेटवर्कचं नाव असतं, तेच एसएसआयडी. त्याशिवाय राउटरच्या रेडिओचा पत्ता, चॅनल, वेग आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आहे की डब्ल्यूपीए३, हेही असतं. तुम्ही "हाइड एसएसआयडी" केलंत की राउटर बीकन सोडायचं थांबवत नाही. तो फक्त नावाची जागा कोरी ठेवतो. बाकी सगळं पहिल्यासारखंच जात राहतं.

हे स्वतः पाहता येतं. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप टाका आणि लपवलेल्या राउटरपासून दोन खोल्या लांब उभे राहा. यादीत एक ओळ बिननावाची दिसेल. तिच्यासमोर चॅनल असेल, बारा अक्षर-आकड्यांचा पत्ता असेल आणि सिग्नलची ताकद, समजा उणे ७० डीबीएम. आता राउटरकडे चालत जा. आकडा उणे ६०, उणे ५०, उणे ४० असा चढत जाईल. म्हणजे नाव माहीत नसलेला माणूससुद्धा तुमचा राउटर कुठल्या खोलीत आहे ते फोन हातात धरून शोधू शकतो. विंडोज लॅपटॉप तर याहून सरळ आहे. त्याच्या यादीत "हिडन नेटवर्क" अशी ओळच येते.

उरलं नाव. तेही लपून राहत नाही. पेढीची पाटी उतरवून ठेवली, पण शटर उघडं आहे, आत दिवा जळतोय, आणि येणारा प्रत्येक गाडीवान रस्त्यावरून पेढीचं नाव घेऊन हाक मारतोय, अशी ही स्थिती आहे. फोन लपवलेल्या नेटवर्कला जोडला जातो तेव्हा त्याला नाव घेऊनच विचारावं लागतं: "अमुक नावाचं नेटवर्क इथे आहे का?" राउटर त्याच नावाने उत्तर देतो. मग जोडणीचा अर्ज जातो, त्यातही नाव लिहिलेलं असतं. सांकेतिक भाषेत बोलणं सुरू होतं ते यानंतर. त्याआधीचे संदेश उघडे असतात. जवळपास कुणी हवेतले संदेश टिपणारा लॅपटॉप लावून बसला असेल, तर तुमच्या घरातला एक फोन जोडला गेला की नाव त्याच्या पडद्यावर येतं. यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि वर्षानुवर्षं वापरात आहेत.

त्याला वाट पाहायचीही गरज नाही. साध्या डब्ल्यूपीए२ मध्ये राउटरच्या नावाने "जोडणी तोडा" असा खोटा संदेश पाठवता येतो. फोन तुटतो, दोन-चार सेकंदांत आपणहून परत जोडला जातो, आणि जोडताना नाव घेतो.

यातला खरा मुद्दा पुढचा आहे. डब्ल्यूपीए२ ची किल्ली पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव, या दोन्हींपासून बनते. ही दोन्ही एका गणितातून ४,०९६ वेळा फिरवली जातात. म्हणजे पासवर्ड फोडू पाहणाऱ्याला नाव लागतंच. मग लपवलं तर अडचण होईल ना? नाही होत. पासवर्ड तपासून पाहण्यासाठी त्याला फोन आणि राउटर यांच्यातली चार संदेशांची ओळखपरेड टिपावी लागते, आणि ती जोडणीच्याच वेळी होते. ज्या क्षणी ती हाती लागते त्याच क्षणी नावही हाती लागतं. ज्याच्यापासून खरा धोका आहे त्याचं काम तुम्ही नाव लपवल्याने एका मिनिटानेही लांबत नाही.

फोन घराबाहेर पडला की

हा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि नाव न लपवण्याचं आमच्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

उघड्या नावाच्या नेटवर्कसाठी आजचा फोन गप्प राहून ऐकतो, किंवा कुणाचंही नाव न घेता "कोण आहे इथे?" एवढंच विचारतो. लपवलेल्या नेटवर्कबाबत हे चालत नाही, कारण तो राउटर स्वतःहून नाव सांगणारच नाही. म्हणून फोनला नाव पुकारत फिरावं लागतं. घरातच नव्हे, एसटी स्टँडवर, गणपती पेठेत, मिरजेच्या दवाखान्यात बसल्यावरही. "पाटील निवास २ आहेस का?" घरातलं नाव लपवलंत, आणि तेच नाव आता खिशातला फोन गावभर सांगतोय.

यात दोन तोटे आहेत. पहिला खासगीपणाचा. अलीकडचे फोन बाहेर फिरताना स्वतःचा पत्ता सारखा बदलत राहतात, म्हणजे कुणाला माग काढता येऊ नये. पण बदलत्या पत्त्यामागून तेच एक वेगळं नाव येत राहिलं तर तो बंदोबस्त वाया जातो. आयफोनच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या नेटवर्कखाली खासगीपणाची सूचना येते ती याचसाठी.

दुसरा तोटा जास्त गंभीर. फोन पुकारत असलेलं नाव ऐकून कुणीही त्याच नावाचं खोटं नेटवर्क तिथल्या तिथे उभं करू शकतो. तुमचं नेटवर्क बिनपासवर्डचं असेल तर फोन थेट त्याला जोडला जाईल. पासवर्ड असेल तर जोडणी पुरी होणार नाही, पण ओळखपरेडीचे पहिले दोन संदेश होऊन जातात, आणि पासवर्डचे अंदाज तपासायला तेवढे पुरतात. म्हणजे विश्रामबागेतल्या घराचा पासवर्ड फोडायचं काम त्या घराच्या आसपासही न फिरकता करता येतं.

रोजच्या वापरात काय अडतं

प्रिंटर, टीव्ही, स्मार्ट प्लग, वायफाय कॅमेरा ही उपकरणं यादीतून नाव निवडा म्हणतात. नाव हाताने टाकायची सोय काहींत असते, काहींत नसतेच. असली तरी नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. कॅपिटल-स्मॉलचा फरक, मधली मोकळी जागा, शेवटी चुकून पडलेली स्पेस, काहीही चुकलं तरी "नेटवर्क सापडत नाही" एवढंच उत्तर येतं आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो.

लाइट जाऊन आली की आणखी एक त्रास. राउटर सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, कॅमेरा त्याआधीच सुरू होऊन नाव पुकारून थकतो, आणि काही कॅमेरे मग गप्पच बसतात. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पाहायला जावं तर रात्र कोरी. ५ गिगाहर्ट्झच्या ५२ ते १४४ या चॅनलवर तर राउटरचा आवाज ऐकू आल्याशिवाय फोनने बोलायचंच नसतं, त्यामुळे तिथे लपवलेलं नाव सापडायला वेळ लागतो.

नाव लपवण्याला एकच ठिकाण शोभतं. दुकानात ग्राहकांचं आणि ऑफिसचं अशी दोन नेटवर्क असतील, आणि ग्राहकाने चुकीच्या नावावर बोट ठेवून "पासवर्ड सांगा" म्हणू नये एवढाच हेतू असेल, तर ऑफिसचं लपवा. ती यादीची टापटीप झाली. तिला कुलूप समजून पासवर्ड ढिला ठेवू नका. लपवण्याचं खरं नुकसान होतं ते या गैरसमजामुळेच.

सगळं वजन पासवर्डवर टाका

फायबरची जोडणी होते तेव्हा राउटरला पासवर्ड म्हणून बहुतेक वेळा घरमालकाचा मोबाइल नंबर टाकला जातो. लक्षात राहायला सोपा, म्हणून. त्याचा हिशोब करून पाहा. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी. आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ चे सेकंदाला वीस लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. ४०० कोटी भागिले वीस लाख, म्हणजे दोन हजार सेकंद. सगळे नंबर तपासायला पाऊण तासही लागत नाही. आणि तोच नंबर पेढीच्या पाटीवर रंगवलेला असेल तर अंदाजाचीसुद्धा गरज नाही. मुलाचं नाव आणि जन्मसाल, आडनाव ॲट १२३, गावाचं नाव आणि पिनकोड हे सगळे याच जातीतले. फोडणारा सुरुवातच यांच्यापासून करतो.

याऐवजी पाच शब्दांचा पासवर्ड करा. शब्द मनाने सुचवायचे नाहीत, कारण मनाला सुचणारे शब्द दुसऱ्यालाही सुचतात. शब्दकोश घ्या, न बघता पाच वेळा उघडा, बोट पडेल तो शब्द लिहा. समजा खलबत्ता, ओसरी, तराजू, वादळ, चिमटा असे आले. हे इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहायचे. राउटरचा पासवर्ड इंग्रजी कीबोर्डवरच्या अक्षरांचाच लागतो, ८ ते ६३ अक्षरांच्या मर्यादेत. वरचे पाच शब्द पस्तीसेक अक्षरांत बसतात. हे उदाहरण इथे छापलं गेलंय, तेव्हा ते वापरू नका, आपले शब्द काढा.

दहा हजार शब्दांतून असे पाच निघाले तर १ वर २० शून्यं इतके प्रकार होतात. त्याच ग्राफिक्स कार्डाला सगळे तपासायला पंधरा लाखांहून जास्त वर्षं लागतील. आणि घरातल्या आजीलाही हे पाच शब्द वाचून दाखवता येतात.

एक अडचण मात्र आपल्या लिपीमुळे येते, ती आधीच मिटवा. "वादळ" व्हीने लिहायचं की डब्ल्यूने, "तराजू" मध्ये शेवटी एक यू की दोन ओ? प्रत्येक जण वेगळं लिहितो आणि "पासवर्ड चुकीचा" येत राहतं. म्हणून एक स्पेलिंग ठरवून, सगळी अक्षरं स्मॉल ठेवून, ते कागदावर लिहा आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरातल्या कपाटातल्या कागदाला धोका घरात येणाऱ्याचाच. रस्त्यावरचा लॅपटॉप तो वाचू शकत नाही.

बाहेरच्या माणसाने आपलं नेट वापरणं म्हणजे नुसता स्पीड कमी होणं नव्हे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या तोंडावर जो धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घराच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोचले होते. त्या घराच्या वायफायचा दुसऱ्या कुणी वापर केला होता. तपास आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतो.

राउटरमध्ये काय बदलायचं

राउटरला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका. जिओफायबरच्या राउटरला तो १९२.१६८.२९.१ असतो. नेमका पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. आकडे इंग्रजीत टाकायचे. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि तो ॲडमिन-ॲडमिनच राहून गेलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो.

मग वायरलेस सिक्युरिटी. डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड असा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही संदेश सांकेतिक करायची पद्धत. टीकेआयपी ही दुसरी पद्धत घेऊ नका, ती जुनी आणि कमजोर आहे, शिवाय तिने वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. डब्ल्यूईपी हे डब्ल्यूपीएच्या आधीचं कुलूप तर २००१ पासून फुटलेलं आहे. एखादं उपकरण त्याशिवाय चालतच नसेल तर ते उपकरण बदला. डब्ल्यूपीए३ मध्ये ओळखपरेड टिपून घरी नेऊन अंदाज तपासत बसता येत नाही आणि "जोडणी तोडा" चा खोटा संदेशही चालत नाही. पण मिक्स्ड ठेवल्यावर जुनी उपकरणं डब्ल्यूपीए२ नेच बोलतात, तेव्हा पाच शब्द लागतातच. हा खोटा संदेश रोखणारा पीएमएफ किंवा मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन असा पर्याय दिसला तर "कॅपेबल" करा. "रिक्वायर्ड" केलंत तर जुना प्रिंटर बाहेर राहील.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद करा. आठ आकडी पिनचे दहा कोटी प्रकार वाटतात, पण तो पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा हिशोबाचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही खोट २०११ मध्येच उघड झाली. पिन फुटला की राउटर तुमचे पाच शब्द स्वतःहून देऊन टाकतो.

मॅक फिल्टरच्या, म्हणजे ठरावीक पत्त्यांच्याच उपकरणांना आत घेण्याच्या सोयीच्या, मागे लागू नका. उपकरणाचा पत्ता हवेत उघडाच जातो, तो पाहून कुणीही आपल्या लॅपटॉपला लावू शकतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा बनवलेला पत्ता वापरतात. फोन बदलला किंवा नेटवर्क विसरायला लावलं की तुमचाच माणूस बाहेर अडकतो.

पाहुणे, ग्राहक, हमालांचे फोन यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क चालू करा आणि "लोकल नेटवर्कला प्रवेश" बंद ठेवा. पेढीच्या हिशोबाचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर शक्यतो केबलनेच राउटरला जोडा.

नाव परत दाखवताना

आधी नवं नाव ठरवा. आडनाव, फ्लॅट नंबर, पेढीचा गाळा क्रमांक नावात नको. राउटरचं मूळ नावही ठेवू नका. त्यावरून कंपनी आणि मॉडेल कळतं. आणि किल्ली नावापासूनही बनत असल्याने घरोघरी सारख्या असणाऱ्या नावांसाठी किल्ल्यांचे तयार तक्ते आधीच करून ठेवता येतात. नाव मराठीतही देता येतं, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, जोडाक्षरातला हलंत सगळे वेगळे मोजले जातात. "विश्रामबाग" ची चिन्हं भरतात दहा, म्हणजे ३० बाइट. पुढे इंग्रजी आकडे फार तर दोन बसतील. जुन्या प्रिंटरवर मराठी नाव चौकोन-चौकोन दिसतं, घरात तसा असेल तर इंग्रजी अक्षरंच बरी. आसपासच्या राउटरांवरून फोनचं ठिकाण ओळखणाऱ्या गूगलच्या लोकेशन सेवेत आपला राउटर नको असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि नोमॅप हा शब्द इंग्रजीत जोडा. खासगीपणासाठी नावाचा हा उपयोग खरा आहे.

मग वायरलेस सेटिंगमध्ये "हाइड एसएसआयडी" ची टिक काढा. काही राउटरवर तीच गोष्ट "इनेबल एसएसआयडी ब्रॉडकास्ट" ला टिक करून होते, काहींवर "व्हिजिबिलिटी" मध्ये "व्हिजिबल" निवडून. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पाट वेगळे असतील तर दोन्हीकडे करा. एक विसरला की अर्धं लपलेलंच राहतं.

इथे बरेच जण थांबतात आणि खरं काम राहून जातं. राउटरने नाव दाखवायला सुरुवात केली तरी फोनमध्ये साठवलेल्या जुन्या नोंदीवर "हिडन" चा शिक्का तसाच असू शकतो, आणि फोन बाहेर गेल्यावर जुनं नाव पुकारतच राहतो. म्हणून घरातल्या प्रत्येक फोनवर, टॅबवर, लॅपटॉपवर जुनं नेटवर्क "फर्गेट" करा आणि नवं नाव यादीतून निवडून जोडा. हाताने टाइप करू नका, टाइप करून जोडलेलं नेटवर्क पुन्हा लपवलेलं धरलं जाऊ शकतं. विंडोजवर "नेटवर्क ब्रॉडकास्ट करत नसलं तरी जोडा" हा पर्याय बंद आहे ना ते पाहा. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांचे फोनही विसरू नका, पुण्यात बसून तेही सांगलीच्या घराचं नाव घेत असतील.

शेवटी एक तपासणी. कामाला लागण्याआधीच घरातली वायफायवरची सगळी उपकरणं मोजून कागदावर लिहून ठेवा: फोन चार, टीव्ही एक, प्रिंटर एक, कॅमेरे दोन, असं. सगळं जोडून झालं की राउटरचा स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. पाच मिनिटांनी राउटरमध्ये "कनेक्टेड डिव्हाइसेस" ची यादी उघडून कागदाशी ताडून पाहा. यादीत एक कमी असेल तर तो बहुधा कॅमेरा असतो, त्याला रीसेट करून यादीतून नवं नाव निवडून द्या. एक जास्त असेल तर गेस्टवर कोण आहे ते आधी पाहा. तिथेही कुणी नसेल तर पासवर्डचे पाच शब्द नव्याने काढा.